गोळी कधी सुटणार, हे त्याला विचारू नका

ती. आई, बाबा,
सा. न.

पुढच्या आठवड्यात तुमचा नातू तुमच्याकडे राहायला येतोय. फोनवर विषय काढला की आईचा गळा दाटून येतो आणि बाबा "बरं, बरं" म्हणत फोन ठेवतात, म्हणून लिहितेय. दोघं मिळून वाचा.

मागणं एकच आहे. ही गोळी कधी सुटणार, असं त्याला विचारू नका. बाकी काय वाटेल ते विचारा.

बाबा, एक नशा सोडवायला दुसरी लावली, हे तुमचं म्हणणं. चांगले शिकलेसवरलेले लोकही हेच म्हणतात. पण त्याची ही गोळी, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, काय करते ते बघा. मेंदूत हेरॉईन किंवा अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या ज्या जागी जाऊन बसतात, तिथेच हे औषध बसतं आणि घट्ट बसतं. चालना मात्र अर्धवटच देतं, आणि एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी परिणाम त्या मानाने वाढत नाही. त्यामुळे तलफ आणि अंगाची तगमग थांबते, पण त्याच्यासारख्या सरावलेल्या माणसाला झिंग चढत नाही. औषध चालू असेपर्यंत जिवाचा धोका साधारण निम्म्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली हे आणि याच कामाचं दुसरं औषध मेथाडोन, दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती काही उगाच नाही.

आई, नशा तुटतानाचे ते दिवस तू पाहिले नाहीस तेच बरं. सारख्या जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा आणि रात्रभर पाय झाडणं. पांघरूण घातलं की घामाघूम, काढलं की हुडहुडी. आता सकाळी तो जिभेखाली गोळी ठेवून बसतो. ती गिळायची नसते, गिळली तर फारशी लागू पडत नाही. विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं तोंड बंद. नेमकी तेव्हाच मी मुद्दाम काहीबाही विचारते आणि तो भुवया उडवून उत्तरं देतो. मग पाण्याचा मोठा घोट तोंडात खुळखुळवून गिळायचा, आणि दात तासाभराने घासायचे, कारण या गोळीने दात खराब होऊ शकतात. त्याच्या दिवसातला औषधाचा भाग एवढाच. पोट साफ होत नाही, घाम फार येतो, म्हणून कुरकुरतो. कुरकुरू दे.

आता सुटण्याबद्दल. घरच्यांना बरं वाटावं म्हणून घाईने औषध सोडलं, की जुनी ओढ परतण्याची शक्यता मोठी असते. तोवर शरीराची सवय उतरलेली असते. पूर्वी पचायचा तोच नशेचा डोस मग श्वास बंद पाडू शकतो. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच फार धोक्याचे. काही जण हे औषध वर्षानुवर्षं घेतात, काही जण कायम. कमी करायचं झालंच तर तो आणि डॉक्टर ठरवतील, हळूहळू करतील. त्यात मी मत देत नाही, तुम्हीही देऊ नका. तुमच्या तोंडून आलेला साधा प्रश्नसुद्धा त्याला "लवकर सोड" असाच ऐकू येतो, कारण तुम्हाला खूश करायची त्याला फार हौस.

बाबा, तुमच्या झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवा. हा अविश्वास नाही, त्यानेच सुचवलंय. त्या गोळ्या किंवा दारू या औषधाबरोबर पोटात गेली तर श्वास मंदावतो. त्याच्या गोळ्याही तो कुलपाच्या डबीत आणेल. घरी लहान मुलं आली तर ती डबी त्यांच्या हाती लागता कामा नये, एखादी गोळीही त्यांच्या जिवावर बेतू शकते. आणि आई, निघताना त्याच्या खिशात गुपचूप नोटा कोंबू नकोस. द्यायचंच असेल तर मला विचार.

त्याच्या बॅगेत नॅलोक्सोनचा, म्हणजे अशा नशेचा अतिडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे असतो. "चांगला आहे ना, मग हे कशाला?" असं तू विचारशील. घरात असलेला बरा, म्हणून. हलवूनही जागा होत नसेल, ओठ निळसर, श्वास घरघरता किंवा अगदी तुटक असेल, तर एका नाकपुडीत तो पूर्ण दाबायचा, अँब्युलन्स बोलवायची आणि जवळून हलायचं नाही. त्याचा असर तासा-दीड तासात उतरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. आल्यावर कसा वापरायचा ते तोच दाखवेल. कंटाळा न करता बघून घ्या.

तुमच्याशी बोलायला त्याने डॉक्टरांना परवानगी दिली आहे. बाबा, शंका कागदावर लिहून ठेवा, कितीही तिखट असल्या तरी चालतील. त्या त्यांना विचारा, त्याला नको. आणि तो पलीकडच्या खोलीत असताना त्याच्याबद्दल कुजबुजू नका, तुमच्या घरातल्या भिंती पातळ आहेत हे तुम्हाला माहीत आहेच.

बुद्धिबळाचा पट काढून ठेवा. मुद्दाम हरू मात्र नका बाबा, त्याला लगेच कळतं.

तुमची लेक