दोन इंच सात सूत: मिस्त्रीकाकांना पत्र

पुणे

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

‘टॉप हॅट’ या जुन्या अमेरिकन संगीतपटातल्या व्हेनिसच्या सेटचं मॉडेल पुरं झालं. १९३५ साली आरकेओ स्टुडिओने शेजारशेजारचे चित्रीकरणाचे दोन फ्लोअर एक करून तो सेट उभारला होता आणि कालव्याच्या पाण्यात काळा रंग मिसळला होता. संगीतपटांचे असे सेट काम झालं की मोडायचे. मागे उरतात ती फक्त छायाचित्रं आणि फिल्म. त्या छायाचित्रांतून माप कसं काढायचं हे तुम्ही दाखवलंत, म्हणून हे आभारपत्र.

१:२४, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं मॉडेल, म्हटलं की कॅल्क्युलेटर लागतो. तुम्ही ते सुताराच्या टेपवर आणलंत, जिथे इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत: फुटाला अर्धा इंच, म्हणजे चार सूत, तीन इंचांना एक सूत. सहा इंचांची पायरी दोन सूत, दीड फुटाची खुर्ची सहा सूत. चित्रपटाचा नायक फ्रेड ॲस्टेअर याची उंची ५ फूट ९ इंच, ती बरोब्बर दोन इंच सात सूत भरते. तेवढा पुठ्ठ्याचा माणूस कापून मॉडेलमध्ये उभा केला की कठडा उंच झालाय की जिना बुटका राहिलाय, ते लगेच डोळ्याला कळतं.

माप कुठून घ्यायचं, हे तर त्याहून मोलाचं. नवखा माणूस हमखास दारावरून नाहीतर मागच्या खांबांवरून घेतो आणि तिथेच फसतो. तुमची हयात नाटकाच्या नेपथ्यात गेली, त्यामुळे तुम्ही फोटो बघताक्षणीच सांगितलंत की खोली जास्त भासावी म्हणून मागचे खांब मुद्दाम लहान करतात, आणि सेटवरची दारं घरच्या दारांपेक्षा उंच असतात. नटाच्या पावलांच्या रेषेत जे असेल, तेवढ्यावरच भरवसा. नटही सरळ उभा असलेला हवा, टाचा जमिनीला टेकलेल्या. नाचताना गुडघे वाकतात. माणसात एका सुताची चूक झाली तर चोवीस फुटांची भिंत फूटभर चुकते.

कॅमेऱ्याची उंचीही तशीच सापडते. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून जमिनीवरच्या समांतर रेषा मागे वाढवायच्या. त्या मिळतात ती पातळी उभ्या माणसाच्या कमरेवरून जात असेल तर कॅमेरा कमरेइतका होता. मॉडेलचा फोटो काढताना मोबाइल उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खाली येते आणि तेवढ्या उंचीवर बसते.

सामानाचं म्हणाल तर पाया ३ × २ फुटांचा, म्हणजे ७२ × ४८ फुटांची जागा. चकाकत्या जमिनीला आरसा नकोच, हे तुमचं म्हणणं खरं ठरलं. आरशात काचेखालून प्रतिबिंब येतं, त्यामुळे पाऊल आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसते. ३ मिलिमीटरच्या काळ्या ॲक्रिलिकवर ते वरच्या पृष्ठभागावरूनच येतं. पट्टी धरून कटरने आठ-दहा वेळा चीर मारायची, टेबलाच्या कडेवर दाबून तोडायचं, वरचा कागद शेवटपर्यंत काढायचा नाही. पुसायला ओलसर मऊ सुती कापड. स्पिरिट लावलं तर बारीक तडे जातात. कालव्याचं पाणी त्याच शीटचं, जमिनीपेक्षा दोन सूत खाली.

पुलांच्या कमानींना माउंटबोर्ड. कागदाचा रोख, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बघून वाकवला नाही तर त्याला घडी पडते. रंग एकाच बाजूला दिला की बोर्ड धनुष्यासारखा वाकतो, म्हणून मागूनही एक हात. सनबोर्डाला फेविकॉल धरत नाही, कारण प्लास्टिक पाणी पीत नाही. थर्माकोलवर स्प्रे मारला तर तो विरघळतोच.

आणि पांढरा रंग! कोरा पांढरा कृष्णधवल फोटोत सपाट होतो, कडा हरवतात. १०० मिलीला काळ्या स्टेनरचे, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट रंगद्रवाचे, तीन-चार थेंब टाकून बाजूने एकच दिवा लावला, तेव्हा जिन्याची एकेक पायरी सुटी दिसली. हे थेंब तुम्ही काडीने मोजून टाकलेत, तो क्षण आम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे.

काका, आता ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा सेट घ्यायचा आहे. कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि इथला तिचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ १९३४ चा. ‘प्रभात’चे कलादिग्दर्शक फत्तेलाल यांची कला समोर ठेवून काम करायचं, तर खांब खरे कुठले आणि लहान केलेले कुठले, हे ओळखायला तुमचीच नजर लागेल. फोटो मोठे करून ठेवले आहेत, ट्रेसिंग पेपरही आणलाय. येताना तुमची ती जुनी सुतांची टेप तेवढी आणा.

आपले कृतज्ञ,
जुन्या संगीतपटांचे आम्ही सारे वेडे