पाना आमच्या हाती देणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

परभणी, मानवत, पाथरी, जिंतूर या भागातले आम्ही बॅटरीच्या गाडीवाले, म्हणजे चालता येत नाही म्हणून बॅटरीवरच्या व्हीलचेअर-स्कूटरनं फिरणारे, हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. आभार तुमचे मानायचे आहेत, पण त्या निमित्तानं तुम्ही शिकवलेलं इतरांनाही वाचायला मिळेल. नाव छापू नका असं तुम्हीच बजावलंय, म्हणून नुसतं मामा. ओळखणारे ओळखतीलच.

या गाड्यांचा मेकॅनिक आपल्याकडे सहजी सापडत नाही, सुटे भाग पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात. गाडी आठ दिवस दुकानात म्हणजे माणूस आठ दिवस घरात. तुम्ही गाड्या दुरुस्त केल्यात त्याचे आभार आहेतच. त्याहून मोठे आभार यासाठी की प्रत्येक वेळी झाकण उघडल्यावर तुम्ही आम्हाला किंवा आमच्या घरच्यांना जवळ बोलावलंत, पाना हातात दिलात आणि काय बघायचं ते दाखवलंत. गिऱ्हाईक कमी होईल असं ज्ञान फुकट वाटणारा कारागीर विरळाच.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही बॅटरीवर घालवलात, ते योग्यच होतं, कारण तक्रारी निम्म्याहून जास्त तिथल्याच असतात. बहुतेक गाड्यांत सीटखाली 12 व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, मिळून 24 व्होल्ट. हँडलवरचा काटा उभ्या गाडीत हिरव्यात असतो आणि चढ लागला की लालात जातो, त्यावर विसंबायचं नाही, हे तुमचं पहिलं वाक्य. साधं डिजिटल मीटर घ्या, डीसी 20 व्होल्टवर ठेवा, चार्जिंग संपून दोन-तीन तास झाल्यावर मोजा. 12.7 ते 12.8 म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास निम्मी, 12 च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. आणि दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एकूण 24.9 दिसलं म्हणून खूश होणाऱ्यांना तुम्ही झाकण उघडून दाखवायचात: एक 12.8 आणि दुसरी 12.1. बेरीज ठीक, पण त्यातली एक बॅटरी आजारी.

ती आजारी आहे की नुसती उपाशी, हे चढावर कळतं. मीटरच्या क्लिपा एका बॅटरीला लावून गाडी रॅम्पवर घ्यायची, शेजारी चालणाऱ्यानं आकडा बघायचा. मग दुसरीला लावून तसंच. भरलेली असूनही एक जर 10.5 च्या खाली कोसळत असेल आणि दुसरी 12 च्या आसपास टिकून असेल, तर पहिलीचं आयुष्य संपलं. अशा वेळी एकच नवी टाकायची नाही. दोन्ही बॅटऱ्यांतून करंट सारखाच जातो. जुनी लवकर रिकामी होते, चार्जिंगला लावली की तिचं पोट लवकर भरतं, मग जास्तीच्या करंटचा मार तिच्यावर पडत राहतो आणि नवी अर्धवटच भरते. दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या घ्यायच्या. पैसे वाचवायला एक बदलणारा वर्षभरात दोन्हींचे पैसे घालतो, हे तुम्ही किती जणांना सांगितलं असेल!

जोडणी सोडवताना आधी काळी वायर, जोडताना काळी शेवटी. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची, कारण पाना दोन्ही टर्मिनलला एकदम टेकला तर तो लाल होईपर्यंत करंट जातो. सैल नट हे तर तुमचं लाडकं निदान. टर्मिनल गरम होतंय, प्लास्टिक पिवळं पडलंय, गाडी खड्ड्यात आदळली की क्षणभर मरते आणि परत सुरू होते, असं सांगितलं की तुम्ही मीटर न लावताच नट आवळायचात. आवळून झाल्यावर वर व्हॅसलीनचा हलका थर.

चार्जिंगचं तुमचं वेळापत्रक आता आमच्या घरच्यांनाही पाठ आहे. लेड-ॲसिड गाडी थोडी जरी चालवली तरी रात्री चार्जिंगला लावायची. अर्धवट रिकामी ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची जाते. उन्हातून आली तर आधी तासभर सावलीत थंड होऊ द्यायची. चावी बंद, आधी पिन गाडीला आणि मग भिंतीला, काढताना उलटं. चार्जर फरशीवर ठेवायचा. गादीवर नाही, टॉवेलखाली तर नाहीच. थ्री-पिनमधली मोठी पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कापायची नाही, सॉकेट बदलून घ्यायचं. हिरवा दिवा लागला म्हणून लगेच काढायचं नाही, बऱ्याच चार्जरमध्ये तो शेवटचा थोडा भाग बाकी असतानाच लागतो. अजून तास-दोन तास राहू द्यायचं.

आणि त्या दिव्यावरून रोग ओळखायची तुमची रीत. दिवसभर चाललेली गाडी लावल्यावर अर्ध्या तासात हिरवा झाला, तर बॅटरी करंट घेत नाही, एक तर प्लेटा गेल्यात किंवा जोड सैल आहे. चौदा-पंधरा तास झाले तरी हिरवा होत नाही आणि एक बॅटरी हाताला गरम लागते, तर तिचा एखादा सेल आत शॉर्ट झालाय. लगेच काढा. फुगली असेल तर परत लावूच नका. "लाईट येऊ-जाऊ करायली तर पिन काढून ठेवा, टिकल्यावर लावा," हे तुमचं सांगणं तर ज्यांच्या गावात भारनियमन असतं त्यांच्या भिंतीवर लिहिलेलं आहे.

आपला उन्हाळा चार्जरच्या हिशेबात धरलेला नसतो, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. मे महिन्यात पारा 42-43 ला, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं होतं. बॅटरी गरम असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज कमी लागतो, पण साध्या चार्जरला ते कळत नाही. तो तेवढाच देत राहतो, आतलं पाणी उडतं, आणि सीलबंद असल्यानं वरून भरता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग रात्री किंवा पहाटे, आणि तेही गॅलरीत नाही, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. थंडीत उलटं होतं. सकाळी 6-7 अंशांत बॅटरी पूर्ण भरलेली असूनही पल्ला कमी पडतो. गाडी बिघडली असं समजून धावत यायचं नाही.

उन्हाची आणखी एक गोष्ट. काळ्या रेक्झिनचं सीट दुपारी उन्हात राहिलं की चटका बसतो. ज्यांना कमरेखाली जाणीव नाही त्यांना तो कळत नाही, आणि मग उठतो तो फोड, जो महिनोन्महिने भरत नाही. बसायच्या आधी हाताच्या पाठीनं सीट तपासायचं आणि वर पांढरा सुती कपडा टाकायचा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मेकॅनिकला हे कुठून सुचलं याचंच नवल वाटलं.

चालवण्याबद्दल तुमचे नियम थोडे, पण कडक. चढताना-उतरताना चावी बंद. उठायला आधार म्हणून हँडल धरलं आणि अंगठा गाडी पळवायच्या खटक्यावर पडला, तर गाडी उडी घेते. सीट फिरवली असेल तर ती पुन्हा खटकन लॉक झाली का ते हलवून बघायचं. बाजारात, उरुसाच्या गर्दीत वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर, म्हणजे सगळ्यात हळू. तीनचाकीला पुढे एकच चाक, त्यामुळे वळणावर ती आतून उचलते आणि बाहेरच्या अंगाला कलंडते. वळायच्या आधी वेग कमी करायचा, वळता वळता नाही. रॅम्प चढायचा तो सरळ, तिरका कधीच नाही, शरीर थोडं पुढे झुकवून. मध्येच वळायचं नाही. सरकारी निकषाप्रमाणे रॅम्प बारा फुटांत एक फूट चढतो. आपल्याकडे दुकानांपुढे ठोकलेले पत्र्याचे उतार त्याहून दुप्पट-तिप्पट खडे असतात, तिथे दुकानदाराला बाहेर बोलावलेलं बरं.

गतिरोधकाचं तुम्ही जमिनीवर खडूनं चित्र काढून समजावलंत. मागं उलटू नये म्हणून लावलेली ती दोन छोटी चाकं उंच गतिरोधकाच्या उतारावर टेकतात, मागची मोठी चाकं हवेत तरंगतात आणि नुसती फिरतात. माणूस खटका अजून दाबतो, काही होत नाही. म्हणून कुणीतरी ती छोटी चाकं काढून टाकायचा सल्ला देतो. काढायची नाहीत! चढावर तीच आपल्याला वाचवतात. एकाला हाक मारायची, मागून गाडी थोडी उचलून घ्यायची आणि असला गतिरोधक पुढच्या वेळी टाळायचा.

ब्रेक हा या गाडीत पायाखाली नाही, मोटरच्या मागे आहे. खटका सोडला की गाडी थांबते आणि लगेच 'टक' असा आवाज येतो, तो चुंबकाचा ब्रेक बसल्याचा. तो आवाज रोज ऐकायचा; आला नाही तर उतारावर जायचं नाही. ढकलण्यासाठी जो न्यूट्रलचा दांडा असतो, तो ओढला की हा ब्रेक सुटतो. म्हणून उतारावर त्याला हातही लावायचा नाही, गाडीवर माणूस बसलेला असताना तर नाहीच. आणि न्यूट्रलमध्ये दुचाकीला दोर बांधून ओढायची नाही. मोटर उलटी फिरून डायनामो होते आणि काँट्रोलर, म्हणजे मोटरला हवा तेवढा करंट देणारा डबा, जाळते, जो गाडीतला सगळ्यात महाग भागांपैकी एक आहे.

गाडी चालेना आणि टीं-टीं करायली, म्हणजे तुम्हाला फोन करायच्या आधी काय बघायचं, तेही पाठ करून घेतलंत. न्यूट्रलचा दांडा परत बसलाय का. चार्जरची पिन काढलीय का. चावी फिरवताना अंगठा खटक्यावर तर नव्हता? या तिन्हींत गाडी मुद्दामच चालत नाही. यातलं काही नसेल तर आवाज मोजून लिहायचे आणि कंपनीच्या पुस्तिकेत बघायचे, कारण प्रत्येक कंपनीचे इशारे वेगळे. सर्किट ब्रेकर (जादा करंट गेला की लाईन तोडणारं बटण) पडला असेल तर पाच मिनिटं थांबून एकदा दाबायचा. पुन्हा पडला तर थांबायचं. फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्याला तुम्ही कसे झापता ते सगळ्यांनी ऐकलंय.

पावसाळ्यातली काळी माती ही मात्र कुठल्याच पुस्तिकेत नाही. ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरते, चाक जाम होतं, मोटर जास्त करंट ओढते, ब्रेकर पडतो. ओली असताना खरवडायला गेलं तर पसरते. सुकू द्यायची आणि लाकडाच्या पट्टीनं ढेपा पाडायच्या. पाइपनं पाणी मारायचं नाही. मोटर, वायरींचे जोड सगळे खाली आहेत. ओल्या फडक्यानं पुसायचं, बस. नाल्याचं पाणी पायदानाला टेकेल इतकं असेल तर माघारी.

बाभळीच्या काट्यांवर तुमचा उपाय भरीव रबराच्या टायरचा. धक्के जास्त बसतात, पण पंक्चर नाही. हवेचे टायर असतील तर किती हवा भरायची ते टायरच्या अंगावरच लिहिलेलं असतं, बहुधा 30 ते 35 पीएसआय. ट्रकच्या कॉम्प्रेसरनं भरताना गेज नसेल तर हातपंपच बरा. एका बाजूला हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते आणि बॅटरी खाते.

पण टायरचं खरं संकट काटा नाही, रिम आहे. या गाड्यांची रिम बऱ्याचदा दोन भाग बोल्टनं जोडून केलेली असते. पंक्चरवाल्याला हे माहीत नसतं. हवा भरलेली असतानाच त्यानं ते बोल्ट सोडले तर दोन्ही भाग बंदुकीसारखे उडतात, तोंडासमोर. आधी व्हॉल्व्हची सुई काढून सगळी हवा सोडायची, टायर दाबून खात्री करायची, मगच पाना. तुमच्या सांगण्यावरून आता आमच्या रिमांवर पांढऱ्या पेंटनं लिहिलंय: 'आधी हवा सोडा'.

मोटरचे कार्बन, म्हणजे आत करंट पोचवणारे घासते ब्रश, तुम्ही वर्षातून एकदा बघता. मूळ लांबीच्या एक-तृतीयांश उरले की बदलायचे, नाहीतर ते ज्यावर घासतात तो आतला तांब्याचा कॉम्युटेटर खरचटतो आणि थोडक्या रुपयांच्या कामाचे हजारो होतात.

आता काहींनी लिथियम बॅटरी घेतलीय. त्यांच्यासाठी तुमचा निरोप इथेच लिहून टाकतो: जुना लेड-ॲसिडचा चार्जर तिला लावायचा नाही, तिच्यासोबत आलेलाच वापरायचा, महिनाभर गाडी वापरायची नसेल तर अर्ध्याहून थोडी जास्त भरून ठेवायची, पूर्ण भरून नाही, पडली, फुगली, वास आला तर घराबाहेर. लेड-ॲसिडचं उलटं, ती पूर्ण भरून ठेवायची आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चार्ज करायची. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानदारालाच परत द्यायच्या.

मामा, एक तक्रारही आहे. नट आवळला, मीटर लावलं, पाच मिनिटांचं काम म्हणून तुम्ही मजुरी घेत नाही. त्या पाच मिनिटांमागं तुमची वर्षं आहेत. दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला येऊ तेव्हा ठरलेला दर सांगा. नाही सांगितलात तर आमच्यातलाच एक जण पैसे मामींच्या हातात ठेवून येईल, तसं ठरलंय.

आपले,
परभणी जिल्ह्यातले बॅटरीगाडीवाले आणि त्यांच्या घरचे