कॅलेंडरवरचा ‘मु’

पाटण, गुरुवार

चि. राजू यास,
अनेक आशीर्वाद.

फोन करणार होतो. पण फोनवर तू ‘हं, बोला बाबा’ म्हणतोस आणि मी घड्याळाकडे बघत बोलतो, त्यात राहून जातं सगळं. आज मार्गशीर्षातला गुरुवार, आई पूजेच्या गडबडीत आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो. तिला हे दाखवणार नाही. दाखवलं तर अर्धं खोडायला लावील.

भाऊबीजेच्या रात्रीचं मनावर घेऊ नकोस. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो ते रागावून नाही, जिजीला एकटं ठेवलं होतं म्हणून. आता जिजीजवळ वेणूताई होती हे तुलाही माहीत आहे, तेव्हा तेही खरं नाहीच. रागावलो होतो थोडा. स्वारगेटहून कराडपर्यंत आई एक शब्द बोलली नाही, त्यावरून चूक माझी होती हे समजलं.

गोट्याच्या जेवणाबद्दल बोलायला नको होतं, तेही सूनबाईसमोर. ती बिचारी साडेआठला दारात चप्पल काढते आणि तशीच ओट्याशी उभी राहते. पण मी तीन दिवस बघत होतो रे. मावशी साडेसातला ताट वाढून जातात, ते पोर टॅब पेल्याला टेकवून ठेवतं आणि न बघता खातं. दोडक्याची भाजी आहे की भोपळ्याची, विचारलं तर सांगता येईना. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याशेजारी ताट घेऊन बसलो, तर म्हणतो, ‘आजोबा, तुम्ही उद्यापण याच टायमाला जेवणार?’ मी म्हटलं हो. तर त्यानं पुन्हा विचारलं, ‘नक्की?’ त्या ‘नक्की’नं मी त्या रात्री बोललो. एरवी बोललो नसतो.

आणि मग तू म्हणालास, ‘तुम्ही माझ्याबरोबर किती वेळा जेवलात?’

राजू, कंडक्टरला हिशेब विचारलास, मग तो घरी येऊन केला. आठवड्याला तीन मुक्काम धरले तरी वर्षाच्या दीडशेच्या वर रात्री. तुझ्या पहिलीपासून दहावीपर्यंत दीड हजाराच्या पुढं जातात. त्यात कोकणातल्या गणपतीच्या जादा गाड्या धरलेल्या नाहीत, आणि कुंभार्ली घाटात दरड आली की अडकलेल्या रात्रीही नाहीत. तेव्हा तुझं बरोबर आहे. वेबिलावर, म्हणजे आमच्या हिशेबाच्या कागदावर, सही करतो.

पण एक गोष्ट तू विसरलास. आपल्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला कालनिर्णय असायचं. महिन्याची ड्युटी कळली की आई लाल पेन घेऊन माझ्या मुक्कामाच्या तारखांवर ‘मु’ लिहायची. तुला बाराखडी यायच्या आधी ‘मु’ वाचता यायचा. सकाळी उठून तू त्या दाराशी जायचास आणि ओरडून घरभर सांगायचास, ‘आज बाबा नाहीत!’ आणि खेळायला पळायचास. रडल्याचं मला कुणी सांगितलं नाही. ज्या तारखेवर काही नसेल त्या दिवशी मात्र साडेसात वाजले की पायरीवर बसायचास, आणि मी नाही आलो तर जेवायचा नाहीस. एकदा कोयनानगरच्या अलीकडे गाडी बंद पडली, मला यायला अकरा वाजले, तर तू भिंतीला टेकून बसल्याजागी झोपलेला. आई म्हणाली, ‘मु’ नव्हता ना आज. मी नसायचो, पण कधी नाही हे तुला ठाऊक असायचं. गोट्याला ते ठाऊक नाही. तू सातला येशील की दहाला, हे तुलाच ठाऊक नसतं.

तुझ्या कामातलं मला कळत नाही. रात्री अमेरिकेशी बोलावं लागतं हे कळतं. आमचीही ड्युटी डेपोच लावायचा.

मी नसलो तरी घर आपल्या वेळेनं चालायचं, ते आई, जिजी आणि अप्पांमुळं. दिवेलागणीला शुभं करोति, मग अप्पांसमोर पाढे. निमकी चुकली की अप्पा काठी आपटायचे आणि तू हसायचास. साडेसातला सगळ्यांची ताटं एका रांगेत. आमटी पातळ आहे म्हणून अप्पांचं आणि जिजीचं रोजचं भांडण. त्याचा आम्हाला वैताग यायचा, पण तू परवा गोट्याला तेच भांडण नकला करून दाखवत होतास. पोर पोट धरून हसत होतं. तेव्हा टॅब कुठं होता? सोफ्यावर पडला होता, कुणी बघतही नव्हतं.

आता झोपेचं. सहा ते बारा वयाच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते असं इथले डॉक्टरही सांगतात. तुमची शाळा नवाला भरते. चौथीपर्यंतच्या शाळा नवाच्या आधी भरवू नका असं सरकारनं २०२४ ला काढलं, तेव्हाचे राज्यपाल बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढल्यावर. पण तुमच्या फाटकावर बस पावणेआठला येते, म्हणजे उठणं पावणेसातला. झोपतो तुम्ही आल्यावर, अकराला. पावणेआठ तास झाले. नवाला सव्वा तास कमी, पाच दिवसांचे सव्वासहा तास. आठवड्याला एवढी तूट माझ्या हिशेबात आली असती तर पगारातून कापली असती. सकाळी त्याच्या पोटात दुखतं ते शाळेच्या भीतीनं असेल, नाही म्हणत नाही. पण आधी झोप तर होऊ दे.

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. तिथं २०२२ पासून रोज सातला भोंगा वाजतो, गावभर टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. दीड तास पोरं अभ्यासाला आणि मोठी माणसं गप्पांना. आता अख्खं गाव करतं म्हटल्यावर एका फ्लॅटला...

बघ, लागलोच पुन्हा. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो. रागावू नकोस. बत्तीस वर्षं ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणून ओरडण्यात गेली, सवय जात नाही. तुम्ही दोघं घर चालवता, हप्ते फेडता, पोराला पोहायला नेता. मला तर पोहता येतं की नाही हे तुला ठाऊकही नसेल. येतं. सूनबाईला सांग, तिच्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही. तिनं केलेली चिरोटी आई इथं शेजारी अजून सांगते. तू टीम लीडर झालास ते मी डेपोत जाऊन सांगितलं. टीम म्हणजे काय, असं स्टँडवर दोघांनी विचारलं. मी म्हटलं, अकरा गाड्यांचा कंट्रोलर. बरोबर आहे ना?

काल रात्री झोप लागेना तेव्हा मोरगिरीच्या पुढची मुक्कामी गाडी आठवली. तू तिसरीत होतास, मे महिना. हट्ट करून आलास. गाडी देवळापुढं लागली, पाटलांच्या घरून फडक्यात बांधून भाकरी, पिठलं आणि कांदा आला. ड्रायव्हरमामा, तू आणि मी, गाडीतच मधल्या दिव्याखाली जेवलो. मग मी रोकड मोजायला काढली आणि तू चिल्लरीचे दहा-दहाचे मनोरे रचायला बसलास. हिशेबात आठ आणे कमी. तीनदा मोजले. तू तोवर मागच्या बाकावर आडवा झालेला. मी खिशातले आठ आणे घालून पिशवी बांधली. सकाळी दूधवाल्यांच्या कॅनच्या आवाजानं तू उठलास तेव्हा तुझी मूठ अजून मिटलेली होती. उघडली तर त्यात ते नाणं. तळव्यावर गोल वळ उठला होता.

दीड हजार रात्रींत तुझ्याबरोबरचा मुक्काम तो एकच. मला तो फार पुरला. तुला पुरला का, हे विचारायचं धाडस भाऊबीजेला झालं नाही.

नवीन कालनिर्णय आणलं आहे, तुमच्यासाठी एक जास्त. पार्सलात इंद्रायणी तांदूळ आणि काळ्या मसाल्याबरोबर येईल. भिंतीला खिळा नको म्हणशील तर फ्रिजला लाव, पण गोट्याच्या उंचीला. लाल पेन आईनं आत घातलं आहे. तुझे उशिराचे वार त्याला लिहू दे. रोज लवकर ये असं म्हणत नाही. एखादा वार मात्र कोरा ठेव, आणि त्या दिवशी ये. कोरा असून आला नाहीस तर ते पोर पायरी नाही म्हणून लिफ्टपाशी बसेल, एवढंच ध्यानात असू दे.

सूनबाईस आशीर्वाद. गोट्यास गोड पापा. जिजीचा गुडघा आहे तसाच, काळजी नको.

तुझा,
बाबा

ता. क. गोट्याचा पुढचा दात हलत होता तो पडला का? रविवारी फोनवर विचारलं त्याला. काहीतरी म्हणाला, पण टॅबच्या आवाजात कळलं नाही.