दप्तरात सिगारेट सापडली, तर आधी घरी फोन नको: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

शाळेपासून शंभर यार्डांवर, जिथवर तंबाखू विकायला बंदी आहे, पिवळी रेघ मारली, फलक लावला, की शाळा तंबाखूमुक्त. सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे आणि टपरीवर ती मिळते, हे आपल्यालाही ठाऊक असेल. पण टपरीपेक्षा आम्हाला काळजी वाटते ती नववीतल्या मुलाच्या दप्तरात सिगारेट सापडल्यानंतरच्या पहिल्या तासाची.

त्या तासात सहसा वडिलांना बोलावलं जातं. घरी मारहाण होत असेल, तर त्या संध्याकाळी आणखी एक निमित्त मिळतं. आणि मुलगा ओढतो त्यामागे अनेकदा ती मारहाणही असते.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन दिएगोच्या अभ्यासात लहानपणी मार खाणं, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण अशा आठ प्रकारांची नोंद घेतली होती. पाच किंवा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांनी चौदाव्या वर्षापर्यंत सिगारेट धरण्याची शक्यता एकही प्रकार वाट्याला न आलेल्यांच्या पाचपटीहून जास्त निघाली. अशा घरांत बिडी-दारूही हाताशी असते, त्यामुळे सगळा दोष हिंसेवर टाकता येणार नाही. पण सतत दचकलेल्या मुलाला निकोटिन काही सेकंदांत सैल करतं. दोनेक तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, चिडचिड सुरू होते. ती तलफेची असते, मुलाला वाटते घरच्या ताणाची. मग पुढची सिगारेट.

म्हणून शाळांसाठीच्या परिपत्रकात क्रम बदला. आधी समुपदेशक किंवा मुलाचा विश्वास असलेल्या शिक्षकाने एकांतात बोलावं. ‘कुणी दिली?’ हा प्रश्न मागाहून. आधी ‘घरी जायची भीती वाटते का? कुणी मारतं का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर पालकांना कळवण्याआधी १०९८ या बाल मदतवाहिनीला फोन. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर पोक्सोनुसार, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार, पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे; ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. सिगारेट सोडायचं ठरलं की तिसऱ्या दिवशी पुन्हा भेट हवी, कारण तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते.

शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या अकरा विषयांत व्यसन आणि हिंसा हे दोन्ही आहेत, पण वेगवेगळे. प्रत्येक शाळेतल्या दोन आरोग्यदूत शिक्षकांना ते एकत्र शिकवा, आणि नव्या शैक्षणिक वर्षाआधी शिकवा.

आपले,
शाळांत काम करणारे समुपदेशक व शिक्षक