क्लाउडवर अ‍ॅप बांधताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनसाठी अ‍ॅप करणाऱ्यांना क्लाउड बिल्ड सेवेचा, म्हणजे कोडमधून अ‍ॅप तयार करण्याचे (बिल्डचे) काम इंटरनेटवरच्या यंत्रावर करून देणाऱ्या सेवेचा, मोठा आधार आहे. आयओएसचा (आयफोनच्या प्रणालीचा) बिल्ड मॅक संगणक आणि अ‍ॅपलच्या एक्सकोड या साधनाशिवाय होत नाही आणि ही सेवा तो मॅक पुरवते. पण बटण कुठे दाबायचे एवढेच शिकवणे अपुरे आहे.

क्लाउडवरचे यंत्र बहुधा दर वेळी कोरे मिळते. म्हणून फ्लटर (एकाच कोडमधून दोन्हीकडचे अ‍ॅप बनवणारे साधन), एक्सकोड, जावा यांच्या आवृत्त्या नेमक्या लिहाव्यात. ‘लेटेस्ट’ लिहिले की काल चाललेला बिल्ड कोडला हात न लावताही आज फेल होऊ शकतो. वापरलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदणारी लॉक फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, हवीच.

आयफोनचे घोडे साइनिंगवर, म्हणजे अ‍ॅपवर डिजिटल सही करण्यावर, अडते. सहीसाठीचे डिस्ट्रिब्युशन सर्टिफिकेट वर्षभरच चालते आणि ते नवे काढले की प्रोव्हिजनिंग प्रोफाइलही (अ‍ॅपला आयफोनवर चालण्याची परवानगी देणारी फाइल) नव्याने काढावे लागते, कारण जुने प्रोफाइल जुन्याच सर्टिफिकेटला बांधलेले असते. अँड्रॉइडची कीस्टोअर फाइल (सहीची गुप्त किल्ली असलेली) आणि पासवर्ड कधीही रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) टाकू नयेत. फाइल बेस६४ (साध्या अक्षरांच्या रूपात) करून सेवेच्या गुप्त व्हेरिएबलमध्ये ठेवावी.

चाचणी डीबग बिल्डवरच (विकसकाच्या तपासणीसाठीच्या बिल्डवरच) थांबवू नये, लोकांना द्यायचा रिलीज बिल्डही तपासावा, ही कळकळीची विनंती. फ्लटरच्या नव्या प्रकल्पात इंटरनेटची परवानगी डीबग मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या वगैरे नोंदणाऱ्या अँड्रॉइडच्या फाइलमध्ये) असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती स्वतः लिहावी लागते. ती राहिली की रिलीज अ‍ॅप सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. आयओएस सिम्युलेटरमध्ये (संगणकावरच्या आभासी आयफोनमध्ये) कॅमेरा चालत नाही, तिथे खरा फोनच हवा. टेस्टफ्लाइटवरचा (अ‍ॅपलच्या चाचणी सेवेवरचा) बिल्ड ९० दिवसांनी बंद होतो, तेव्हा परीक्षकांना त्याआधी नवा द्यावा, बिल्ड क्रमांक वाढवून.

आपला,
एक अ‍ॅप विकसक