पाळणाघराच्या काकूंना, धडपडेबाईंच्या बाबांकडून

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

पाळणाघराची फी आम्ही महिन्याच्या महिन्याला देतो आणि तुम्ही ती न मोजता डब्यात टाकता. पण गेल्या काही महिन्यांत तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते त्या फीत धरलेलं नव्हतं. तोंडावर बोलायला गेलो तर "बरं बरं, पोरीला घेऊन जा, डास चावतायत" म्हणून वाटेला लावाल. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आपल्या डोंबिवलीत निम्म्या घरांत आईबाप लोकलच्या वेळा सांभाळत मूल वाढवतायत. मूल उभं राहायला लागलं की सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. पडेल, लागेल, आणि नेमकं डोक्यालाच लागेल.

आमची धडपडेबाई (हे बारसं तुमचंच) नवव्या महिन्यात तुमच्या खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. संध्याकाळी मी न्यायला आलो तेव्हा तुम्ही ही बातमी नुसती सांगितली नाहीत, वही उघडून दाखवलीत.

त्या वहीबद्दल आधी. शंभर पानी, पुठ्ठ्यावर प्रत्येक मुलाचं नाव. आमच्या वहीतलं एक पान मी फोटो काढून ठेवलंय: "१०.४० बाकाला धरून उभी. मागे पडली, बुडावर. रडली नाही. ११.१५ कपाळ कपाटाला, उजवीकडे. लगेच रडली, कडेवर घेतल्यावर गप्प. टेंगूळ, कडक. १२.३० वरणभात पूर्ण. १ ते २.३० झोप, हाक मारल्यावर उठली." मला आधी वाटलं, वरणभात कशाला लिहिलाय? मग लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी ती वही चाळली आणि खूश झाले. म्हणाले, लोक धावत येतात आणि "पडली हो" एवढंच सांगतात. किती उंचीवरून, कशावर, डोक्याचा कुठला भाग, लगेच रडली की आधी सुन्न पडली, उलटी झाली का, नेहमीसारखी खाते-खेळते का, हे सगळं एकेक विचारून काढावं लागतं. तुमच्या वहीत ते न विचारता लिहिलेलं होतं, वरणभातासकट.

पडल्याच्या इतक्या नोंदी बघून माझी आई मात्र हादरली. "दिवसभर पडतच असते की काय पोरगी!" तेव्हा मी शोधाशोध केली. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास छापला होता. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना त्यांची पावलं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. आईला हा आकडा वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग काकू कमीच लिहितायत."

आईची दुसरी काळजी म्हणजे आमच्या चुलतभावाचा मुलगा. तो दहाव्या महिन्यात चालला होता, आणि हे आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी सांगतंच. तुम्ही तिला समोर बसवून सांगितलंत की कुणी आधी कुणी नंतर, दीड वर्ष उलटूनही पाऊल टाकलं नाही तर डॉक्टरांना विचारायचं, तोवर नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडेही हेच सांगतात. आधाराशिवाय उभं राहणं साधारण ६.९ ते १६.९ महिन्यांत कधीही, आणि आपलं आपण चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. ज्या पाच देशांतल्या मुलांवरून हे ठरवलं त्यात आपल्या दिल्लीची मुलंही होती. चुलतभावाच्या मुलाचा विषय घरात अजून निघतो, पण आता आई स्वतःच तो बंद करते.

मग त्या रविवारी तुम्ही चहाला म्हणून आलात आणि सोफा सोडून थेट फरशीवर बसलात. पदर कमरेला खोचून आमच्या घरभर रांगत फिरलात. बायको स्वयंपाकघरातून बघत होती, तिला हसावं की तुम्हाला हात द्यावा कळेना. पण तुम्हाला पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर बघायचं होतं. टीपॉयवरचं लोंबतं कापड तुम्ही तिथल्या तिथे काढून घडी केलंत. त्याला धरून ती उठली असती तर वरचा गरम चहा अंगावर आला असता. प्लास्टिकच्या खुर्च्या बाल्कनीत नेऊन एकात एक रचायला लावल्यात. "जे हलतं त्याला धरूनच ही उभी राहणार, आणि ते हिच्याच अंगावर येणार." मोजे काढलेत. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून मुलाला उभं करणं म्हणजे तेल लावलेल्या ताटावर उभं करणं. अनवाणी पायाची बोटं फरशी धरतात, हे तुम्ही तिचा पाय हातात घेऊन दाखवलंत.

आणि बाथरूम. पाणी वेळेवर येतं-जातं म्हणून आमच्याकडे बादल्या कायम भरलेल्या असतात. तुम्ही तिथे मात्र थट्टा केली नाहीत. या वयात डोकं जड, हात तोकडे. काठाला धरून उभं राहिलेलं मूल आत वाकलं की त्याला परत वर येता येत नाही, आणि त्यासाठी बादली काठोकाठ भरलेलीही लागत नाही. त्याच दिवशी दाराला वरच्या बाजूला कडी बसवली. टेंगळांच्या धास्तीत या बादलीकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नसतं.

पुढे रात्रीचा तमाशा सुरू झाला. कॉटचा कठडा धरून उभी राहायची आणि भोकाड पसरायची. झोपवलं की पुन्हा उभी, पुन्हा भोकाड. आम्ही दात म्हणालो, पोट म्हणालो, आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तिला बसता येत नाहीये." उभं राहणं आलंय, खाली येणं अजून यायचंय, अशी ती तिथेच अडकते. मग तुम्ही आम्हाला करून दाखवलंत. तिचा एक हात कठड्यावरच राहू द्यायचा, आवडतं खेळणं तिच्या पावलाशी ठेवायचं, आणि ती वाकायला लागली की गुडघ्याच्या मागे दोन बोटं अलगद टेकवायची. गुडघे दुमडले की बूड आपोआप टेकतं. दिवसा हाच खेळ करत राहिलो आणि रात्री शांत झाल्या. काकू, या एका गोष्टीसाठी बायको तुम्हाला साडी घेणार आहे. नको म्हणू नका, ती ऐकणार नाही.

वॉकरचं प्रकरणही तुम्हीच मिटवलंत. मामेभावाने हौसेने आणलेला, दिवे आणि गाणी असलेला वॉकर. "माळ्यावर टाका." कारण विचारलं तर म्हणालात, त्यात मूल बसतं आणि बोटांनी ढकलत पळतं, तोल त्याला सांभाळावाच लागत नाही, आणि उंबरठा किंवा जिना आला की डोक्यावर जातं. कॅनडाने २००४ साली वॉकरवर बंदी घातली, हे मामेभावाला सांगितल्यावर त्याने फार ताणलं नाही. बदल्यात तुम्ही तुमच्या नातवाचा लाकडी पांगुळगाडा काढून दिलात, आणि तो पुढे पळू नये म्हणून त्याला वाळूची पुरचुंडी बांधलीत. त्याच्या चाकांचा खडखडाट खालच्या मजल्यावर जातो. खालच्यांचेही आभार मानायला हवेत.

आता दिवाणाची गोष्ट. आमच्याच घरी, माणसांनी भरलेल्या खोलीत, लोडाला धरून ती दिवाणावर उभी राहिली आणि बाजूला कलंडून खाली गेली. लगेच रडली, थोड्या वेळात गप्प झाली, जेवली, झोपली. कपाळ स्वच्छ, टेंगूळ नाही. सकाळी नेहमीसारखी तुमच्याकडे सोडली. तुम्ही तिचे केस विंचरताना डाव्या कानाच्या वर बोटं थांबवलीत आणि मला दारातून परत बोलावलंत. "इथे मऊ लागतंय." कपाळावरचं टेंगूळ दिसायला केवढं तरी दिसतं, पण तिथलं हाड जाड असतं. कानाच्या वरचं, बाजूचं हाड पातळ. एवढ्या लहान मुलाला तिथे मऊ सूज आली तर घरी बघत बसायचं नाही. हे सगळं तुम्ही रिक्षात सांगितलंत, कारण तोवर बाकीची मुलं ताईंवर सोपवून तुम्ही चपला घातल्याही होत्या.

डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्यांवर बॅटरी मारली, टाळू चाचपली, स्कॅन केला. हाडाला बारीक चीर होती. आत रक्तस्राव नव्हता. अशी चीर आपली आपण भरून येते, पण लक्ष ठेवावं लागतं, म्हणून एक रात्र तिथे काढली. माझी बायको ऑफिसमधून थेट आली तेव्हा पोरगी तुमच्या मांडीवर तुमच्या बांगड्या मोजत होती. आम्हाला दोघांनाही त्या वेळी काही बोलता आलं नाही.

तुमच्या भिंतीवर तुमच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे. पुन्हा पुन्हा उलटी. शुद्ध हरपणं. झोपेतून जागं न होणं. झटका. नाकाकानातून पाणी किंवा रक्त. फुगलेली टाळू. न थांबणारं रडणं. आणि खाली लाल पेनने: "आधी रिक्षा, मग फोन." मार लागल्यावर मुलाला झोपूच द्यायचं नाही असं आम्ही ऐकत आलो होतो. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, मधून मधून हाक मारून बघा, नीट जागी होते ना एवढं बघा, हे तुम्ही सांगितलंत. आईच्या आंबेहळदीलाही तुम्ही नाही म्हटलं नाहीत. आधी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, मग आजीची हळद, कातडी फुटली असेल तर मात्र हळद नको. आई त्या दिवसापासून तुमच्या पक्षात.

एका बाबतीत मात्र तुमचं आणि तिचं जमत नाही. पोरगी पडली की आई फरशीला चापट मारते, "हत्त् फरशीला! बाळाला लागलं!" तुम्ही बघता आणि म्हणता, "फरशी काय चालून आली होती?" मी यात पडत नाही. एवढं दिसतं की पोरगी पडली की आधी समोरच्याचा चेहरा बघते. तुम्ही "उठा बाई" म्हणून भाजी निवडत राहता, आणि ती उठते. पण निवडता निवडता तुमची नजर तिच्यावरच असते, हे मी दारात उभा राहून पाहिलंय.

ताईंनाही नमस्कार सांगा. त्या दिवशी सगळी मुलं त्यांनी एकटीने सांभाळली, त्यांच्यासाठी बायकोने वेगळं काहीतरी आणलंय. आणि एक विचारायचं होतं. आमच्या मजल्यावरच्या दोन-तीन घरांत मुलं आत्ता उभी राहायला लागलीत, त्यांना तुमच्या भिंतीवरच्या कागदाचा फोटो हवाय. तुमची परवानगी असेल तर पाठवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
धडपडेबाईंचा बाबा