उलट्या कटरवर प्लाय कापू देऊ नका

संपादक महोदय,

पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगाव या बाजूंना नव्या इमारतींत फर्निचरची कामे जोरात चालू आहेत. त्यांतल्या कितीतरी घरांत प्लाय ज्या यंत्रावर कापला जातो, ते लाकडासाठी बनवलेलेच नसते. फरशी कापायचा चार इंची कटर एका प्लायच्या फळीखाली उलटा आवळतात, फळीला फट पाडून पाते वर काढतात, बटण लॉक करतात आणि पिन बोर्डात खोचली की करवत सुरू. आम्ही लाकूडकामाची यंत्रे बसवतो आणि दुरुस्त करतो. आपल्या घरात ही जुळणी चालू देऊ नका, अशी नाशिककरांना आमची कळकळीची विनंती आहे.

फरशीच्या कटरची चकती हिऱ्याच्या कणांनी घासून कापते, तिला लाकूड ओढून घेणारे दात नसतात. तिच्या जागी चाळीस दातांचे लाकडाचे पाते बसवले की सगळेच बदलते. हा कटर मिनिटाला साधारण 12 ते 13 हजार फेरे घेतो. म्हणजे 110 मिमी पात्याचे दात ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतात. कटर उलटा बसवताना आवरण काढून टाकलेले असते आणि बोटे पात्यापासून वीतभरही लांब नसतात.

पण बोट पात्यावर जाते ते बहुधा नुसत्या निष्काळजीपणाने नाही. लाकूड चिरताना त्याच्यातला ताण सुटतो आणि कापलेली फट मागच्या बाजूला मिटू लागते. प्लाय गाइडपासून, म्हणजे माल सरळ सरकवायच्या आधारपट्टीपासून, जरासा तिरका झाला तरी तेच होते. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. ते आवळले गेले की माल उचलून सुताराच्या अंगावर फेकतात. त्या झटक्यात माल निसटतो, आणि ज्या हाताने तो दाबून धरलेला असतो तो हात पुढे पात्यावर जातो. हे इतक्या झटकन होते की अनुभवी मिस्त्रीलाही हात मागे घेता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे पात्यामागची उभी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती फट मिटू देत नाही. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा थोडी जास्त आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा कमी हवी. पत्रा 2.2 मिमी आणि फट 3.2 मिमी असेल तर अडीच मिमीची पट्टी चालते. टेबलाच्या पातळीवर पात्यापासून तिचे अंतर 8 मिमीपेक्षा जास्त नको. उलट्या कटरला ही पट्टी बसवायला जागाच नसते, आणि आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. दहा इंची पात्याचे साइटवर नेता येणारे टेबल सॉ, म्हणजे टेबलातच पाते बसवलेल्या करवती, बाजारात मिळतात. त्यांना ही पट्टी आणि आवरण दोन्ही असतात. ठेकेदाराकडे तेच मागा. मात्र आवरण काढून कोपऱ्यात ठेवलेले नाही ना, तेही पाहा.

चांगल्या यंत्रावरही पाते मालाच्या वर दाताच्या उंचीएवढेच, 5 ते 8 मिमी, काढावे. उभे राहावे ते पात्याच्या रेषेत नाही, थोडे बाजूला. शेवटचे 300 मिमी हाताने ढकलायचेच नाहीत. टोकाला खाच पाडलेली दीड फुटी काठी वापरायची. ती उरलेल्या 12 मिमी प्लायमधून पाच मिनिटांत तयार होते. पूर्ण शीट एकट्याने कापू नये, पलीकडे तिला आधार नसेल तर ती लोंबते आणि पाते आवळते. छोटा तुकडा आडवा कापताना गाइडला टेकवू नये. सुटलेला तुकडा गाइड आणि पात्यामध्ये अडकून गोळीसारखा सुटतो.

हातमोजे घालून करवतीवर काम करणे सुरक्षित वाटते, पण ते घातक आहे. दाताने मोज्याचा धागा पकडला तर अख्खा हात ओढला जातो. गळ्यातला गमछा, मनगटावरचा गंडा, सैल बाही यांनाही तेच लागू.

बटण लॉक केलेल्या कटरचा आणखी एक धोका आहे. लाइट गेली की पाते थांबते, कोणीतरी ते बदलायला वाकतो आणि लाइट परत येते. टेबल सॉला नो-व्होल्ट स्विच हवा, म्हणजे वीज आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. पाते बदलण्याआधी पिन बोर्डातून काढायचीच. उघड्या वायरी काड्या खोचून बोर्डात बसवू देऊ नयेत. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असलेल्या लाइनवरूनच वीज द्यावी.

भुशाबद्दल थोडक्यात: कठीण लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून मान्य झालेली आहे. तोंडावरचा रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क लागतो.

तरीही बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा आणि 108 ला फोन करावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. थेट बर्फात टाकला तर पेशी मरतात आणि बोट पुन्हा जोडता येत नाही.

1948 च्या कारखाने कायद्याने कलम 21 मध्ये यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याची सक्ती केली, पण तीन-चार सुतार फ्लॅटमध्ये काम करतात तिथे कोणी निरीक्षक येत नाही. सोसायट्या मात्र फर्निचरच्या कामासाठी अनामत घेतात, वेळा ठरवून देतात, लिफ्टमधून माल नेण्याचे नियम करतात. त्याच अर्जात एक ओळ वाढवावी: उलटा बसवलेला कटर चालणार नाही, आवरण आणि रायव्हिंग नाइफ असलेलेच यंत्र आणावे.

— लाकूडकाम यंत्रांच्या व्यवसायातील काही वाचक, सिडको, नाशिक